नवे मूत्रपिंड, जुना आजार



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानाला बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर बोलेल, फार तर नाटकावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. ती मी आज पुरी करणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते सर या शाळेत विज्ञान शिकवीत होते, आणि आयुष्याची अखेरची अकरा वर्षे ते पत्नीने दिलेल्या मूत्रपिंडावर जगले. त्यांच्या निधनानंतर साखळीच्या बाजारात, देवळाच्या पायरीवर, बसथांब्यावर मी एक वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकले : ‘वहिनींनी दिलेली किडनी शेवटी वायाच गेली.’ बोलणाऱ्यांच्या मनात हळहळच होती. परंतु ज्याने जन्मभर शब्दांचा व्यवसाय केला त्याला हा ‘वाया’ शब्द सहजासहजी गिळता येईना. म्हणून आजचा विषय असा आहे : प्रत्यारोपण केलेल्या मूत्रपिंडाला पुन्हा आजार का होतो, आणि ते किती काळ टिकते? सरांच्या दुखण्याविषयी जे सांगणार आहे ते वहिनींच्या संमतीने सांगणार आहे. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी वैद्यकाचा माणूस नव्हे, हे आपण जाणताच. जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपल्या भाषेत मांडतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपण म्हणतो, ‘अमक्याने किडनी बसवली.’ विहिरीवर पंप बसवतात, मोटारीत नवा भाग बसवतात, तसे हे क्रियापद आहे. बसवलेली वस्तू बिघडली म्हणजे एक तर ती वस्तू खोटी किंवा बसवणारा अडाणी, असा निष्कर्ष त्या क्रियापदातच दडलेला असतो. ‘प्रत्यारोपण’ हा शब्द थोडा जड असला तरी अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात रोप आहे. आपल्या भागातल्या माणसाला हे निराळे समजावून द्यायला नको. मानकुरादचे कलम बांधताना खुंट रायवळ आंब्याचा आणि वरची काडी मानकुरादची. सांधा जुळला, पालवी फुटली, म्हणजे कलम ‘लागले’ म्हणायचे. पण म्हणून कोणी कुळागरातून पाठ फिरवून घरी जात नाही. खालून खुंटाला फुटवे येतात ते काढावे लागतात, वर बांडगूळ चढते ते छाटावे लागते, आणि मुळाशीच रोग असला तर वरची काडी कितीही चांगल्या झाडाची असो, तो रोग तिच्यापर्यंत पोहोचतो. माणसाच्या शरीरातले कलम आंब्याच्या कलमाहून फार अवघड आहे हे खरे, परंतु विचाराची दिशा तीच आहे.

आता थोडे शरीराविषयी. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतला बहुतेक सारा परत रक्तात घेतात. उरते ते दीड-दोन लिटर मूत्र. या गाळण्या मोठ्या सोशीक असतात. निम्म्याहून अधिक निकामी झाल्या तरी माणसाला काही जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

प्रत्यारोपणाविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी ठेवीत नाहीत. ते ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला ठेवून तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जुनी दोन्ही मूत्रपिंडे, काही विशेष कारण नसेल तर, जागच्या जागी राहू देतात. म्हणजे सरांच्या देहात तीन मूत्रपिंडे होती. वर्गात हे सांगताना त्यांना मोठी गंमत वाटे, आणि एखाद्या चुणचुणीत मुलाने ‘मग सर, पहिल्या दोघांचा आजार तिसऱ्याला लागत नाही का?’ असे विचारले की ते त्या मुलाला शाबासकी देत. प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त आजार एका मूत्रपिंडाकडून दुसऱ्याकडे ‘लागत’ नाही. पुष्कळदा तो मुळात मूत्रपिंडाचा नसतोच. तो रक्तातला असतो, शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतला असतो. मूत्रपिंड हे त्याचे घाव सोसण्याचे ठिकाण असते. ठिकाण बदलले तरी घाव घालणारा शरीरातच राहतो.

याचा पुरावा प्रत्यारोपणाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी, पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात, डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे एक मूत्रपिंड काढून त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला दिले. रिचर्डची दोन्ही मूत्रपिंडे जुनाट दाहाने निकामी झाली होती. हे दोघे एकाच बीजापासून झालेले जुळे आहेत की नाहीत याची खात्री करण्यासाठी त्यांच्या बोटांचे ठसे तपासले, आणि एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला. इतका काटेकोरपणा कशासाठी? परक्याचे ऊतक शरीर नाकारते, आणि ते नाकारणे थोपवण्याचा उपाय त्या काळी हाती नव्हता. जुळ्या भावाचे मूत्रपिंड शरीराला परके वाटले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. रिचर्डने आपली शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी विवाह केला, त्यांना दोन मुले झाली. पुढे त्याचा तोच जुना मूत्रपिंडदाह भावाच्या मूत्रपिंडात उपटला, आणि १९६३ साली, शस्त्रक्रियेनंतर आठ वर्षांनी, तो वारला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. त्या मूत्रपिंडाला शरीराने नाकारले नव्हते. नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. शस्त्रक्रियेत उणीव नव्हती. दात्याचे उरलेले मूत्रपिंड तर पुढे दीर्घकाळ चालले. रोनाल्ड पुढे गणिताचा शिक्षक झाला आणि २०१० साली, ७९ व्या वर्षी निवर्तला. एकाच घडणीची दोन मूत्रपिंडे. एक आपल्या मूळ घरी अनेक दशके टिकले आणि दुसरे भावाच्या देहात आठ वर्षांत रोगग्रस्त झाले. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रिचर्डची ती आठ वर्षे ‘वाया’ गेली असे त्या पारितोषिकाच्या वेळी कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

मूळ आजाराच्या या परतण्याचे प्रकार अनेक आहेत. पॅरिसचे जाँ बेर्जे यांनी १९६८ साली एका मूत्रपिंडविकाराचे वर्णन केले. त्यात शरीराच्या रक्षणासाठी असलेली ‘आय. जी. ए.’ नावाची प्रतिपिंडे गाळण्यांत साचत जातात. पुढे बेर्जे यांनीच १९७५ साली दाखवून दिले की प्रत्यारोपित मूत्रपिंडातही तोच साका पुन्हा दिसतो. सरांचा आजार हाच होता. हा आजार सावकाश चालतो. परतला तरी पुष्कळदा वर्षानुवर्षे नुसता सूक्ष्मदर्शकाखाली दिसत राहतो, आणि काही थोड्यांच्याच बाबतीत नवे मूत्रपिंड निकामी करतो. याच्या उलट, गाळण्यांवर व्रण उठवणारा दुसरा एक आजार आहे. तो पहिल्या प्रत्यारोपणात सुमारे ३० टक्के रोग्यांत परततो, कधी कधी काही दिवसांतच. आणि त्याच कारणाने पहिले मूत्रपिंड गेले असेल तर दुसऱ्या वेळी तो परतण्याची शक्यता सुमारे ८० टक्क्यांवर जाते. या रोग्यांच्या रक्तात गाळणीला इजा करणारे काहीतरी फिरत असते, असा तर्क फार वर्षांपासून होता. यांतल्या काहींच्या बाबतीत ते ‘काहीतरी’ गाळणीतल्या नेफ्रिन नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असावीत, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे येत आहे.

या संदर्भात शिकागोमधली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ती २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या बहिणीने मूत्रपिंड दिले. त्याचा जुना आजार काही दिवसांतच परतला, मूत्रातून प्रथिने भरमसाट जाऊ लागली, प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी दोन आठवड्यांत ते मूत्रपिंड काढले. मात्र फेकून दिले नाही. भावाची आणि बहिणीची संमती घेऊन ते एका साठीच्या पुढच्या मधुमेही गृहस्थाला दिले. तेथे ते सुधारले! गाळण्यांवर दिसू लागलेली विकृती मागे हटली आणि मूत्रपिंड व्यवस्थित काम करू लागले. आय. जी. ए. च्या आजारातही हेच उलट दिशेने दिसले आहे : वरवर निरोगी दात्याच्या मूत्रपिंडात हा साका नकळत असला, आणि ते मूत्रपिंड हा आजार नसलेल्या माणसाला दिले गेले, तर साका हळूहळू नाहीसा होतो. मित्रहो, दिलेले दान खोटे नव्हते, हे याहून स्पष्ट कसे सांगता येईल?

वहिनींना हे सांगणे मला फार आवश्यक वाटते. सरांचे मूत्रपिंड हळूहळू थकू लागले तेव्हा त्यांनी एकदा विचारले होते, ‘भाऊ, माझंच काही कमी होतं का हो?’ आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे आता सर्वश्रुत आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. आणि पुढे काही बिघडले की तीच स्वतःला दोषी मानते. ‘वाया गेली’ या दोन शब्दांचा भार नेमका तिच्यावर पडतो.

मूळ आजार हे अर्थात एकमेव कारण नव्हे. शरीराचे नाकारणे आहेच. ते थोपवणारी औषधे हा विसाव्या शतकातला एक विलक्षण अध्याय आहे. सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेच्या एका पठारावरून आणलेल्या मातीतील बुरशीपासून निघाले. अमेरिकेत त्याला १९८३ साली मान्यता मिळाली. आज अधिक प्रचलित असलेले टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. मूठभर मातीने हजारोंचे प्राण वाचवले. परंतु हीच औषधे दीर्घकाळ घेतली की त्याच मूत्रपिंडात व्रण उठवतात. औषध कमी पडले तर शरीर नाकारते, अधिक झाले तर औषधच इजा करते. या दोन टोकांमधली वाट अरुंद आहे, आणि ती रोज, दोन वेळा, घड्याळाच्या काट्यावर चालावी लागते.

त्यातच संरक्षणव्यवस्था दुबळी केलेली असल्यामुळे एरवी झोपून राहणारे जंतू जागे होतात. बी. के. नावाचा एक विषाणू आहे. १९७१ साली लंडनमध्ये ज्या प्रत्यारोपण झालेल्या रोग्यात तो प्रथम सापडला त्याच्या नावाची ती आद्याक्षरे. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो निरुपद्रवीपणे वसत असतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडाचा मात्र घात करू शकतो. भारतात क्षयाचे भय वेगळेच.

आणि मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वांत अधिक आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. मधुमेहाने निकामी झालेल्या मूत्रपिंडाच्या जागी दुसरे दिले आणि रक्तातली साखर तशीच राहिली, तर नव्यालाही कालांतराने तोच मार्ग धरावा लागतो. शिवाय ज्यांना आधी मधुमेह नव्हता अशांना प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे तो होऊ शकतो. पुष्कळ रोगी तर मूत्रपिंड चांगले चालू असतानाच हृदयविकाराने किंवा जंतुसंसर्गाने जातात. अशांच्या बाबतीत ‘किडनी टिकली नाही’ असे कसे म्हणावे?

किती वर्षे टिकते, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत हवेच असेल तर असे सांगता येईल : चांगल्या केंद्रांत पहिले वर्ष पार करणारी मूत्रपिंडे आता ९० टक्क्यांहून अधिक असतात. जिवंत दात्याचे मूत्रपिंड साधारणतः पंधरा-वीस वर्षे आणि मृत दात्याचे दहा-बारा वर्षे चालते, असा ठोकताळा आहे. त्याहून पुष्कळ अधिक जगलेलीही आहेत. पहिल्या वर्षाच्या यशात गेल्या चाळीस वर्षांत मोठी झेप घेतली गेली, पुढच्या वर्षांच्या बाबतीत प्रगती त्या मानाने संथ आहे. समाजाचे लक्षही तसेच असते. शस्त्रक्रियेच्या वेळी वर्गणी निघते, वर्तमानपत्रात आवाहन येते, देवळात गाऱ्हाणे घातले जाते. पाचव्या वर्षी गोळ्यांचे पैसे कोठून आले, हे कोणी विचारीत नाही.

सरांनी ही पुढची वर्षे कशी काढली ते मी जवळून पाहिले. त्यांच्याकडे एक जाड वही होती. त्यात तारीख, रक्तदाब, वजन, क्रिएटिनीन, औषधाची रक्तातील पातळी, सारे एका ओळीत. सकाळी आठ आणि रात्री आठ, ही वेळ अकरा वर्षांत चुकली नाही. चतुर्थीला माटोळीतले पपनस सोलून सर्वांना वाटले जाई, सर मात्र हात लावीत नसत, कारण त्या फळाने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढू शकते. करमले तर त्यांनी कायमची सोडली. मूत्रपिंडाच्या रोग्याला ते फळ विषासमान ठरू शकते, हे आपल्या परसात करमलाचे झाड असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अंगदुखीवर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, कोणीतरी आग्रहाने दिलेला काढा, यांना ते हसून नकार देत. काही नातेवाईक रागावले. पाहुणचाराला नाही म्हणणे आपल्याकडे अवघडच. सातव्या वर्षी मूत्राला फेस येऊ लागल्याचे त्यांनी स्वतःच टिपले. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला, तेव्हा बेर्जे यांचा तो साका दिसला. त्यानंतरही चार वर्षे ते याच शाळेत येत-जात राहिले, प्रयोगशाळेच्या कपाटाला स्वतः रंग दिला, आणि दहावीच्या तीन तुकड्यांना प्रकाशाचे परावर्तन शिकवले. यांतले कोणते वर्ष वाया गेले?

आता आपल्या गोव्याविषयी. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संसदेने १९९४ साली केला, तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधानसभांनी तसे ठराव केल्यामुळे; आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत प्रथम अमलात आला त्यांत आपले चिमुकले राज्य होते. याचा आपण अभिमान बाळगावा. मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीला त्याने गुन्हा ठरवले, मेंदूमृत्यूला मान्यता दिली, २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे यांनाही जवळच्या नातलगांत घेतले. परंतु हा कायदा मुख्यतः देण्याच्या दिवसापर्यंतचा आहे. दान देणारा कोण, घेणारा कोण, संमती खरी की खोटी, हे तो बारकाईने पाहतो. पुढची पंधरा वर्षे कायद्याच्या कक्षेत मावत नाहीत. ती घरावर आणि गावावर पडतात.

दक्षिणेकडे काणकोण तालुक्यात कारण न उमगलेल्या मूत्रपिंडविकाराने गेली अनेक वर्षे ठाण मांडले आहे. तेथील भूजलातल्या सिलिकेकडे काही अभ्यासकांनी बोट दाखवले आहे; वाद अद्याप मिटलेला नाही. आजच्या विषयाशी त्याचा संबंध थेट आहे. ज्या आजाराचे कारणच हाती नाही त्याच्या रोग्याला नवे मूत्रपिंड दिले, तर तो ते घेऊन त्याच गावी, त्याच पाण्यापाशी परततो. प्रत्यारोपणाच्या खर्चाइतकाच खर्च कारण शोधण्यावर व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. खाणपट्ट्यात राहणाऱ्या आपण डिचोलीकरांनी तर हा प्रश्न परक्या तालुक्याचा समजू नये.

येथे माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित आहेत, काही मुंबईहून आणि काही आखाती देशांतून आले आहेत, म्हणून एक व्यवहारातली सूचना करून थांबतो. शस्त्रक्रियेला शासकीय योजनांतून साहाय्य मिळू शकते आणि डायलिसिसची सोय बांबोळीला, म्हापशाला आहे. अडते ते बारीकसारीक जागी. पहाटेची बस पकडून बांबोळीला जायचे, बरोबर एक माणूस न्यायचा, त्या दिवसाची मजुरी बुडवायची, औषधाची पातळी तपासायचे पैसे भरायचे, आणि हे वर्षातून अनेकदा, जन्मभर. दोन महिने तपासणी चुकते, मग गोळ्या एक दिवसाआड होतात, आणि आजार परतला की नाही हे कळण्याआधीच मूत्रपिंड हातचे जाते. माजी विद्यार्थी संघाने सरांच्या नावाने जो निधी जमवला आहे त्यातून नवी कमान बांधावी असा एक विचार चालू असल्याचे ऐकतो. त्याऐवजी साखळी आणि आसपासच्या गावांतील प्रत्यारोपण झालेल्या रोग्यांच्या तपासणीचा आणि जाण्यायेण्याचा खर्च त्या निधीतून व्हावा. नोंदी ठेवण्यासाठी वही कशी आखायची, ते वहिनी दाखवतील. सरांची वही त्यांनी जपून ठेवली आहे, आणि ती संघाला पाहायला देण्यास त्या तयार आहेत.